वाळवंटातली रेंज

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ, क्वार्ट्झसाइट नावाचे एक गाव आहे. गावाची कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. पण हिवाळा सुरू झाला, की उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेली माणसे आपापली घरे घेऊन इथे मुक्कामाला येतात. घरे घेऊन म्हणजे अक्षरशः घेऊन. मोटारीवरच बांधलेले किंवा मोटारीमागे जोडून ओढत न्यायचे असे हे फिरते घर असते. झोपायला खाट, स्वयंपाकाला ओटा, पाण्याची टाकी, सगळे त्यात असते. अमेरिकन लोक त्याला 'आर. व्ही.' म्हणतात.

काही वर्षांपूर्वी एका परिषदेनंतर आम्ही एका मित्राच्या अशा घरातून या भागात चार दिवस फिरलो. वाळवंटात ओळीने उभ्या असलेल्या घरांच्या छपरांकडे आमचे लक्ष गेले. एकावर पांढरी उभी काठी होती. दुसऱ्यावर आडव्या काड्या लावलेली दांडी होती. तिसऱ्याने शिडीला उंच खांब बांधून त्याच्या टोकावर काहीतरी चढवले होते. प्रत्येक छपरावरून एक काळी केबल खिडकीतून आत गेली होती. हे सारे कशासाठी, असे विचारले तर उत्तर एकच मिळे. फोनला रेंज मिळावी म्हणून.

या काठ्या-काड्यांकडे आम्ही पाहत राहिलो, कारण तिथे एका छपरावर भौतिकशास्त्राचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास मांडून ठेवलेला होता. तो वाचता आला, तर दुर्गम जागी रेंज का जाते आणि ती वाढवायची म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणाला विचारावे लागत नाही.

रात्री दीडचा संदेश

हा प्रश्न केवळ सहलीला गेलेल्या माणसांच्या गप्पांचा नाही. २००६ सालच्या नोव्हेंबरमध्ये एक जोडपे आपल्या दोन लहान मुलींना घेऊन ओरेगॉन राज्यातून मोटारीने घरी परतत होते. महामार्गावरचे एक वळण चुकले, म्हणून समुद्रकिनाऱ्याकडे जाण्यासाठी त्यांनी डोंगरातला रस्ता धरला. रात्री बर्फ पडू लागले आणि गाडी अडकली. फोन होता, पण रेंज नव्हती. नऊ दिवस ते कुटुंब गाडीत अडकून पडले.

शोध घेणाऱ्यांना कुठे पाहावे हेच कळत नव्हते. तेव्हा तिथल्या एका मोबाइल कंपनीतल्या दोन अभियंत्यांनी आपण होऊन टॉवरच्या नोंदी तपासल्या. २६ नोव्हेंबरच्या रात्री दीडच्या सुमारास त्या फोनचा एका दूरच्या टॉवरशी क्षणभर संपर्क झाला होता आणि त्याला आलेले लघुसंदेश पोहोचले होते. मग त्यांनी संगणकावर नकाशा मांडून एक साधा प्रश्न विचारला. या डोंगरांत अशा जागा कोणत्या, की जिथून हा टॉवर सरळ रेषेत दिसू शकेल? उत्तरात फारच थोडी जागा उरली आणि शोध एका रस्त्यावर येऊन थांबला. ४ डिसेंबरला आई आणि दोन्ही मुली जिवंत सापडल्या. मदत आणण्यासाठी दोन दिवस आधी पायी निघालेले वडील मात्र थंडीने दगावले.

त्या क्षणभराच्या संपर्काने तिघींचे प्राण वाचवले. तो क्षण कशाने मिळतो, हे आता पाहू.

घर की पिंजरा?

मित्राच्या घरात बसून आम्ही फोनमधले आकडे पाहिले. पडद्यावरच्या उभ्या रेघा फार ढोबळ असतात. फोनच्या सेटिंगमध्ये शोधले, तर 'डीबीएम' या एककातला आकडा बहुधा मिळतो. तो नेहमी उणे असतो. उणे ५० म्हणजे झकास, उणे ११० म्हणजे जेमतेम. या मापात दहाने खाली गेले, की शक्ती दहापट कमी होते. तीनने खाली गेले, की निम्मी. उणे ११० डीबीएम म्हणजे किती? एका वॅटचे एक कोटी भाग करा. त्यातला एक भाग घेऊन त्याचे पुन्हा एक कोटी भाग करा. त्यातला एक. एवढ्याशा शक्तीवर आपला फोन बोलतो, हेच खरे आश्चर्य आहे.

घरात आकडा होता उणे ११५. दाराबाहेरच्या पायरीवर उणे १०८. शिडीने छपरावर चढलो तर उणे १०२. घरातून छपरावर जाण्याने तेरा डीबी, म्हणजे वीसपट फायदा झाला आणि खर्च शून्य.

यातल्या पहिल्या पायरीचे स्पष्टीकरण मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली दिले होते. त्यांनी धातूच्या पत्र्याने मढवलेली एक मोठी खोली तयार केली, बाहेरून तिच्यावर विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि आत विद्युतक्षेत्राचा मागमूस नसल्याचे दाखवले. धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन बाहेरून आलेल्या क्षेत्राला तोंड देतात आणि आतली जागा सुरक्षित राहते. रेडिओलहरी म्हणजे वेगाने बदलणारी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रेच. तेव्हा धातूची भिंत त्यांनाही अडवते. फिरत्या घरांच्या इतिहासात प्रसिद्ध असलेले एअरस्ट्रीम कंपनीचे 'क्लिपर' हे चकाकत्या ॲल्युमिनियमचे घर १९३६ साली बाजारात आले, म्हणजे फॅरडे यांच्या प्रयोगानंतर बरोबर शंभर वर्षांनी. ते बनवणाऱ्यांच्या मनात हलकेपणा आणि मजबुती होती. पण मोबाइल फोनच्या दृष्टीने पाहिले, तर तो उत्तम फॅरडे-पिंजराच होता.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एक छोटा एफ. एम. रेडिओ चालू करून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात, म्हणजे पोळ्या गुंडाळण्याच्या चकाकत्या कागदात, पूर्ण गुंडाळा. गाणे बंद होऊन खरखर ऐकू येईल. मग एका बाजूने फट वाढवत न्या आणि गाणे कधी परत येते ते मुलांना टिपू द्या. फट मोठी झाली की लहर आत शिरते. लहरीची लांबी जितकी कमी, तितकी तिला लहान फट पुरते.

मोटारीतला फोन आधी आला

पण वाळवंटात मुळात रेंज कमी का? टॉवर दूर असतात म्हणून. आणि ते दूर का असतात, याला एक इतिहास आहे.

आपल्याला वाटते, की आधी खिशातला फोन आला आणि मग लोक तो घेऊन गाडीत बसले. घडले उलट. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात मोटारीतून टेलिफोन करण्याची सेवा सुरू झाली. यंत्राचे वजन सुमारे ३६ किलो होते. शहरात एकच उंच आणि जोरदार प्रक्षेपक असे. त्यामुळे साऱ्या शहरात एका वेळी जेमतेम तिघेजण बोलू शकत. चौथ्याने थांबायचे.

यावर तोडगा बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांनी डिसेंबर १९४७ मधल्या एका टिपणात मांडला. एक मोठा प्रक्षेपक लावण्याऐवजी मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षट्कोनी भाग पाडा. प्रत्येक भागात एक छोटा, कमी शक्तीचा प्रक्षेपक ठेवा. त्याचा आवाज शेजारच्या भागापलीकडे जाणार नाही, म्हणून तीच वारंवारिता थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येईल. या कोठड्यांनाच इंग्रजीत 'सेल' म्हणतात आणि त्यावरूनच 'सेलफोन' हा शब्द आला. कल्पना प्रत्यक्षात यायला छत्तीस वर्षे लागली. मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनने पहिला कॉल केला आणि १३ ऑक्टोबर १९८३ रोजी अमेरिकेतली पहिली व्यापारी सेवा शिकागोत सुरू झाली.

या रचनेचे मर्म लक्षात घ्या. ती गर्दीसाठी शोधली गेली. जिथे माणसे जास्त, तिथे कोठड्या लहान आणि टॉवर जवळ. जिथे माणसे नाहीत, तिथे टॉवरचा खर्च कोण करणार? त्यात आणखी एक गोष्ट घडली. १९८० च्या दशकातला गाडीत बसवलेला फोन ३ वॅट शक्तीने बोले आणि त्याचा अँटेना गाडीच्या बाहेर असे. हातातला फोन ०.६ वॅटने बोलू लागला. आजचा चौथ्या पिढीचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास. शहरात हे सोयीचेच आहे. बॅटरी टिकते आणि शेजाऱ्याला अडथळा होत नाही. पण ओसाड माळावर हिशेब फिरतो. १८ फेब्रुवारी २००८ नंतर अमेरिकन कंपन्यांवर जुनी ॲनालॉग सेवा चालवण्याचे बंधन राहिले नाही आणि ते ३ वॅटचे फोनही मुके झाले.

इथे एक गोष्ट विसरायची नाही. फोन म्हणजे रेडिओ नव्हे. टॉवरचे आपल्याला ऐकू येणे जितके महत्त्वाचे, तितकेच आपले टॉवरला ऐकू जाणे. टॉवर मोठ्याने बोलतो, आपण कुजबुजतो. पुष्कळदा रेघा दिसतात आणि तरी कॉल लागत नाही, त्याचे एक कारण हे असते.

उंचीचा हिशेब

आता छपरावरचा उंच खांब पाहू. १८८८ साली जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथे हाइनरिख हर्ट्झ यांनी रेडिओलहरी निर्माण करून त्या पकडून दाखवल्या. त्यांच्या एका प्रयोगातल्या लहरी सुमारे ६६ सेंटिमीटर लांबीच्या होत्या. आज अमेरिकेतल्या मोबाइल सेवांचे पट्टे साधारण ५० सेंटिमीटरपासून खाली येतात. ८५० मेगाहर्ट्झची लहर ३५ सेंटिमीटरची आणि १९०० मेगाहर्ट्झची १६ सेंटिमीटरची. म्हणजे हर्ट्झ यांच्या लहरी आपल्या फोनच्या लहरींच्या थोरल्या बहिणी म्हणायला हरकत नाही. त्यांनी दाखवले, की या लहरी प्रकाशासारख्याच सरळ जातात, परावर्तित होतात आणि अडथळ्यामागे त्यांची सावली पडते.

१८९५ मध्ये इटलीत गुल्येल्मो मार्कोनी यांनी तारेचे एक टोक उंच चढवले, दुसरे जमिनीत पुरले आणि संदेश टेकडीपलीकडे सुमारे दोन किलोमीटर गेला. उंची वाढवली की अंतर वाढते, हे त्यांनी अनुभवाने हेरले. पण त्यांच्या बाबतीत तार लांब केल्याने लहरही लांब होत होती आणि लांब लहरी टेकड्यांना वळसा घालून जातात. आपल्या फोनच्या आखूड लहरींना ती कला फारशी येत नाही. त्यांना टॉवर 'दिसावा' लागतो.

किती लांबून दिसेल? पृथ्वी गोल आहे, म्हणून सपाट वाळवंटातही क्षितिज असते. पायथागोरसच्या प्रमेयाने मुले हे स्वतः काढू शकतात. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ घ्या आणि त्याला ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. टॉवर ६० मीटर उंच असेल, तर त्याचे क्षितिज सुमारे २८ किलोमीटरवर. आपला फोन दोन मीटर उंचीवर असेल, तर आपले क्षितिज पाच किलोमीटरवर. दोन्ही मिळून ३३. आता खांब लावून अँटेना आठ मीटरवर नेला, तर आपले क्षितिज दहा किलोमीटरवर जाते आणि बेरीज ३८ होते. वातावरणात लहरी किंचित वाकतात, म्हणून प्रत्यक्षात थोडे अधिकच मिळते. पाच किलोमीटर ही काही मोठी कमाई नव्हे, असे वाटेल. पण मधे एखादी टेकडी, झाडी किंवा शेजारचे फिरते घर असेल, तर तेवढ्याच उंचीने सावलीतून उन्हात आल्यासारखे होते. ओरेगॉनच्या अभियंत्यांनी नकाशावर हीच सावली मोजली होती.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. दरीत मुका झालेला फोन खिंडीत आला की एकदम वाजू लागतो. तिथे रेंज 'येत' नाही; आपण सावलीच्या बाहेर आलेलो असतो.

काड्यांचा अँटेना

आडव्या काड्यांची दांडी पाहून आम्हांला आमचे लहानपण आठवले. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन सुरू झाले. पुढे सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुण्याच्या छपरांवरही तशाच काड्या उगवल्या. एकजण कौलांवर चढून दांडी फिरवायचा, खालून घरातली मंडळी ओरडायची, "आलं, आलं! गेलं! होतं तिथेच धर!" त्या दांडीला दिशा होती, म्हणून ही कसरत करावी लागे.

दिशेची कल्पनाही हर्ट्झ यांनी वापरली होती. जस्ताचा दोन मीटर उंच पत्रा अन्वस्ताच्या आकारात वाकवून त्यांनी लहरी एका बाजूला वळवल्या, विजेरीतल्या आरशासारख्या. पण आरसा अवजड. जपानमधल्या सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात हिदेत्सुगु यागी यांच्या हाताखाली शिंतारो उदा काम करत होते. त्यांना आढळले, की आरशाची गरजच नाही. अर्ध्या लहरीएवढी एक काडी केबलला जोडा. तिच्या मागे थोडी लांब काडी ठेवा आणि पुढे थोड्या आखूड काड्या ओळीने ठेवा. या बाकीच्या काड्यांना तार जोडायची नाही. लहरीमुळे त्यांत आपोआप प्रवाह सुरू होतात आणि त्यांतून निघणाऱ्या लहरी पुढच्या बाजूला एकमेकींना साथ देतात, मागच्या बाजूला एकमेकींना खोडतात. १९२६ साली हे काम प्रसिद्ध झाले. १९२८ मध्ये यागी यांनी ते इंग्रजीत मांडले आणि जगभर नाव पडले 'यागी अँटेना'. प्रयोगांचा मोठा भार उचलणारे उदा नावातून गळाले. आज पुस्तकांत 'यागी-उदा' असे लिहितात, ते योग्यच आहे.

या शोधाकडे जपानमध्येच फारसे लक्ष गेले नाही. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याला ब्रिटिशांच्या रडारची कागदपत्रे सापडली. त्यांत 'यागी' हा शब्द वारंवार येत होता आणि त्याचा अर्थ कोणालाच लागेना. शेवटी एका युद्धकैद्यानेच सांगितले, की हे तुमच्याच एका प्राध्यापकाचे नाव आहे. अशी ही गोष्ट सांगतात.

सात-आठ काड्यांची चांगली दांडी साधारण दहापट फायदा देते, म्हणजे दहा डीबी. विशेष म्हणजे तिला वीज लागत नाही. इतर दिशांकडे पाठ फिरवून ती एका दिशेला कान देते. आणि जितके ऐकू येते, तितकेच बोलणेही त्या दिशेला पोहोचते. फिरत्या घराला त्यातून एक अडचण होते. मुक्काम बदलला, की टॉवर कुठे आहे हे शोधून दांडी पुन्हा फिरवावी लागते. गाडी चालू असताना तर ती निरुपयोगीच. म्हणून प्रवासात साधी उभी काठी, जी चहूकडे सारखेच ऐकते, आणि मुक्कामाला काड्यांची दांडी, असा रिवाज पडला आहे.

मोठा आवाज, स्पष्ट आवाज

छपरावरून आत आलेली केबल एका डबीत शिरते. तिला लोक 'बूस्टर' म्हणतात. बाहेरचा अँटेना जे पकडतो, ते ही डबी वाढवते आणि घरातल्या छोट्या अँटेनातून फोनला देते. फोनचे बोलणे उलट दिशेने तसेच वाढवून बाहेर सोडते. बहुतेक लोकांना वाटते, की खरी जादू हीच. तिचाही इतिहास पाहू.

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन अग्रांची निर्वात नळी केली. दुबळा विद्युतसंकेत तिच्यातून मोठा करता येतो, हे काही वर्षांत ध्यानात आले. सुधारलेल्या नळ्या तारेच्या वाटेवर बसवल्या आणि जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को ही शहरे टेलिफोनवर बोलू लागली. मग अभियंत्यांना वाटू लागले, की एकापुढे एक नळ्या लावत गेलो, तर कितीही क्षीण संकेत ऐकता येईल.

तसे झाले नाही. आवाज वाढवत गेले, की एका टप्प्यानंतर नुसती खरखर येई. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी ती काळजीपूर्वक मोजली, हॅरी नायक्विस्ट यांनी तिचे गणित मांडले आणि १९२८ मध्ये दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा, की ही खरखर यंत्राच्या दोषामुळे नाही. प्रत्येक वाहकातले इलेक्ट्रॉन तापमानामुळे सतत धडपडत असतात आणि त्यामुळे सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. तापमान निरपेक्ष शून्यावर नेल्याशिवाय ही खरखर संपत नाही.

म्हणजे प्रश्न आवाज किती मोठा हा नाही. खरखरीच्या तुलनेत तो किती मोठा, हा आहे. बूस्टर दोन्हींना सारखेच वाढवतो, वर स्वतःची थोडी खरखर मिसळतो. गर्दीच्या बाजारात कोणी दुरून आपल्याशी हळू बोलत असेल आणि आपण कानाला कर्णा लावला, तर गलबलाही तितकाच मोठा ऐकू येईल. त्यापेक्षा चार पावले पुढे जावे, नाहीतर हाताचा पंजा कानामागे धरून त्याच्याकडे वळावे. चार पावले म्हणजे उंची. पंजा म्हणजे यागी-उदा.

मग बूस्टर कशासाठी? बेल प्रयोगशाळेतल्याच हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये याचे गणित नेमके केले. साखळीतल्या पहिल्या कडीत जे नुकसान होते, ते पुढे कशानेही भरून येत नाही. छपरापासून फोनपर्यंतच्या केबलमध्ये संकेत विरतो. दहा मीटरची साधी बारीक केबल असेल, तर १९०० मेगाहर्ट्झला निम्म्याहून बरीच अधिक शक्ती वाटेतच नाहीशी होते. संकेत विरण्याआधीच वाढवला, तर मात्र तो टिकतो. म्हणून केबल जाड आणि आखूड हवी आणि बूस्टर अँटेनाच्या जवळ हवा. पत्र्याच्या घराची भिंत ओलांडून देणे आणि आपली कुजबुज टॉवरपर्यंत पोहोचेल इतकी मोठी करणे, ही त्याची खरी कामे. जिथे बाहेर काहीच नाही, तिथे तो काही निर्माण करू शकत नाही. शून्याला लाखाने गुणले तरी शून्यच.

आणखी एक गंमत. चौथ्या पिढीचे फोन एकाच वेळी दोन किंवा अधिक अँटेनांनी वेगवेगळी माहिती घेऊन वेग वाढवतात. बूस्टरची वाट बहुधा एकपदरी असते. म्हणून पुष्कळदा त्याने रेघा वाढतात आणि इंटरनेटचा वेग मात्र घटतो. रेघांवर विसंबू नये, असे फिरत्या घरांतली अनुभवी माणसे सांगतात ते यामुळे.

एकाचे औषध, दुसऱ्याचा आजार

शाळेच्या स्नेहसंमेलनात माइक कर्ण्यासमोर गेला, की जीवघेणी शिट्टी वाजते. कर्ण्याचा आवाज माइकमध्ये, माइकचा कर्ण्यात, अशी फेरी सुरू होते. बूस्टरचा आतला आणि बाहेरचा अँटेना जवळ असतील, तर नेमके हेच होते. फक्त ती शिट्टी आपल्याला ऐकू येत नाही. ती ऐकू येते टॉवरला. एका घराच्या छपरावरून सुटलेल्या त्या गोंगाटात आजूबाजूच्या सगळ्यांच्या कुजबुजी बुडून जातात. ज्याच्या घरात बूस्टर आहे, त्याला याचा पत्ताही नसतो. त्याच्या फोनवर रेघा भरलेल्याच दिसतात. कोणी त्याच वेळी मदतीसाठी फोन लावत असेल, तर त्याचा कॉल मात्र जात नाही.

अशा तक्रारी वाढल्यावर अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २० फेब्रुवारी २०१३ रोजी नियम केले. गाडीत वापरायच्या बिनतारी बूस्टरचे वर्धन ५० डीबीपेक्षा, म्हणजे एक लाखपटीपेक्षा, जास्त नसावे. शिट्टी सुरू झाली, तर यंत्राने स्वतः ओळखून बंद व्हावे. टॉवर जवळ असेल, तर आवाज कमी करावा. आणि वापरणाऱ्याने आपल्या कंपनीकडे नोंद करावी. भारतात तर परवानगीशिवाय असा बूस्टर लावणे बेकायदा आहे. बाजारात मिळतो म्हणून गच्चीवर चढवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. खांबाला आणि काड्यांना वीज लागत नाही आणि त्यांची शिट्टीही वाजत नाही. बूस्टरचे तसे नाही. हवेतल्या लहरी गावच्या पाणवठ्यासारख्या सामाईक आहेत.

काही ठिकाणी तर शांतताच राखायची असते. अमेरिकेत व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया राज्यांत सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश १९५८ पासून रेडिओ-शांत क्षेत्र म्हणून राखलेला आहे, कारण तिथे ग्रीन बँकची रेडिओ दुर्बीण आहे. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय दुर्बीण आहे. आकाशातून तिच्याकडे येणाऱ्या संकेतांपुढे फोनची कुजबुज म्हणजे गर्जनाच. सहलीला जाल तेव्हा तिथे फोन बंद ठेवायला सांगतात, त्याचे कारण मुलांना आधीच समजावून सांगावे.

शेवटी

२०२२ पासून फिरत्या घरांच्या छपरांवर उपग्रहांशी बोलणाऱ्या चपट्या तबकड्याही दिसू लागल्या आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून अमेरिकेत काही फोन संकटाच्या वेळी थेट उपग्रहाकडे संदेश पाठवू लागले. पण तिथेही फोन सांगतो, की उघड्या आकाशाखाली या आणि अमुक दिशेला धरा. पिंजऱ्याबाहेर येणे आणि दिशा धरणे चुकत नाही.

मुलांना सह्याद्रीत घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. रेंज नसेल, तर आधी जागा बदला. दरीतून धारेवर या, पण सुरक्षित वाट असेल तरच. कॉल लागत नसेल, तर लघुसंदेश पाठवून पाहा. त्याला क्षणभराचा संपर्क पुरतो. आणि फोन सतत रेंज शोधत राहिला, की बॅटरी लवकर संपते, म्हणून अधूनमधून बंद ठेवा.

आणि वर्गासाठी एक काम. गावाचा समोच्च रेषांचा नकाशा मिळवा. त्यावर जवळच्या टॉवरची जागा खुणेने दाखवा. पट्टीने टॉवरपासून निरनिराळ्या दिशांना रेषा काढा आणि प्रत्येक रेषेवर जमिनीचा उभा छेद आलेखाच्या कागदावर उतरवा. कुठे डोंगर आडवा येतो, सावली कुठपर्यंत पडते, ते रंगवा. मग मुलांना एक फोन घेऊन त्या जागांवर पाठवा आणि उणे आकडे लिहून आणायला सांगा. नकाशावरची सावली आणि आकडे बहुतेक ठिकाणी जुळतील. जिथे जुळणार नाहीत, तिथे थांबा. तिथे एखाद्या कातळावरून किंवा पत्र्याच्या छपरावरून लहर परतून येत असेल. ती कुठून येते हे शोधायला मुलांना एखादी दुपार लागेल. ती दुपार त्यांना द्यावी.